निवळ पाणी

गुरुबसप्पाच्या उजव्या हाताची चिमटी जुळेनाशी झाली, त्या दिवशी डाईंगमध्ये मरून रंगाचा घाणा, म्हणजे सुताची खेप, लागला होता. सुताची लडी हौदातून काढायची, पिळायची, दोन बोटांच्या चिमटीत धरून रंग बसला की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सव्वीस वर्षं तो चादरीचं सूत रंगवत होता. मालकसुद्धा मशीनपेक्षा त्याच्या चिमटीवर जास्त भरवसा ठेवायचा. त्या दिवशी अंगठा आणि बोट एकमेकांना भेटेनात. लडी सुटून हौदात पडली, बाकीचे हसले. गुरुबसप्पा मात्र मनातून हादरला, आणि हादरलेली माणसं करतात तेच त्याने केलं. कुणाला काही बोलला नाही.

पण घरात झाकणार किती? सकाळी उठला की बोटं लाकडासारखी. शर्टाची बटणं त्याची बायको शिवबाई लावून द्यायची. सायकल मारत भवानी पेठेत घरी आला की चहा पिण्याचंही त्राण उरायचं नाही. शेवटी शिवबाईनेच त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बोटं दाबून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं, "आमवात आहे. हा आजार सांधे खातो. आठवड्याला ही एक गोळी, दर रविवारी. बरं वाटलं तरी मनाने बंद करायची नाही."

गोळी बारकी होती, पिवळी. तीन महिन्यांत फरक पडला, बटणं पुन्हा त्याची तो लावू लागला. इथेच गोष्ट संपायची. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. त्याचा ब्रह्मराक्षस होता अमरेश.

अमरेश त्याच्या शेजारच्या हौदावर वीस वर्षं उभा होता. दोघांचे बनियन घामाने रंगायचे; निळा घाणा असला की निळे, हिरवा असला की हिरवे. थुंकीतही रंग यायचा आणि दोघं त्यावरून एकमेकांची चेष्टा करायचे. मागच्या वर्षी अमरेशची किडनी गेली. शेवटच्या दिवसांत त्याने गुरुबसप्पाला जवळ बोलावून कानात सांगितलं होतं, "गुरू, लगवी लाल होतीया रे. आपला रंग हाय त्यो. आत मुरलाय." तो आजारी माणसाचा भ्रम होता की आणखी काही, कोण सांगणार? पण त्या दिवसापासून गुरुबसप्पा लघवीला गेला की आधी रंग बघायचा. बोटं दुखली की त्याला वाटायचं, सांध्यात रंगच साठलाय. आज ना उद्या आपणही अमरेशच्याच वाटेने जाणार, या भीतीने त्याला घास गोड लागेना.

अशा माणसाला 'शरीरातलं विष बाहेर, दुखणं बाहेर' अशी पाटी दिसली, तर तो आत शिरणार नाही तर काय करणार?

ते शुद्धी केंद्र दिग्विजय सर नावाचा तरुण चालवायचा. माणूस लबाड नव्हता, हेच वाईट. लबाड असता तर गुरुबसप्पाने ओळखला असता. दिग्विजयने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सव्वीस वर्षं केमिकलमध्ये काढलीत. वरून गोळ्या म्हणजे पुन्हा केमिकलच की."

हे त्याच्या काळजात घुसलं. गोळी पिवळी होती, आणि पिवळा कसा चिकट रंग असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने गोळी बंद केली. शिवबाईला सांगितलं, डॉक्टरीणबाईंनीच थांबवलीय.

केंद्रात त्याचे पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या टबात ठेवले. टबात तारेचं वेटोळं असलेली नळी होती, ती विजेवर चालायची. पाच मिनिटांत पाणी पिवळसर झालं, पंधरा मिनिटांत विटकरी, वर फेस आणि काळसर कण. गुरुबसप्पाची पाचावर धारण बसली. अमरेश खरंच बोलत होता तर! एवढं आपल्या अंगात होतं! पण भीतीच्या पोटात थोडं समाधानही होतं. निदान बाहेर तर पडतंय.

"दहा वेळा बसा," दिग्विजय म्हणाला. सोबत सकाळी कडुलिंबाचा रस, आठवड्यातून दोनदा एरंडेल, दिवसभर लिंबूपाणी आणि सूर्य मावळायच्या आत एकदाच मुगाचं कढण.

दहा वेळा झालं. पाणी विटकरीच.

आता इथे दुसरा कुणी असता तर थांबला असता. पण डाईंगमधला पहिला धडा असा, की रंगवलेली लडी धूत राहायची, पाणी निवळ येईपर्यंत. अर्धवट धुतलेली चादर गिऱ्हाइकाच्या घरी रंग सोडते आणि मालकाची अब्रू जाते. गुरुबसप्पाने सव्वीस वर्षांत एकही लडी अर्धवट सोडली नव्हती. मग स्वतःला कसा सोडणार? तो अकराव्यांदा बसला, पंधराव्यांदा बसला. एरंडेल आठवड्यातून दोनदाचं तीनदा झालं. डोळे खोल गेले, सायकल सुटली, हौदावर उभं राहिलं की पाय लटपटायचे. बोटं तर आता बाहेरच्या बाजूला कलू लागली होती. जितकं दुखे तितकं त्याला वाटे, आत अजून रंग आहे. जितकं वाटे तितका तो धुवायचा.

शिवबाई रडली, भांडली. शेवटी माहेरच्या कानडीत हात जोडून म्हणाली, "साकु! साकु की आता!" पुरे म्हटलं तरी त्याला पुरे कळेना. दिग्विजयसुद्धा घाबरला. "काका, आता बास करा. तुम्ही लई खराब दिसताय."

"आजून पाणी निवळलं न्हाय की, सर," गुरुबसप्पा म्हणाला.

विसाव्या वेळी शिवबाई त्याला रिक्षातून घेऊन गेली. आधीचा टब ओतून दिग्विजयने नवं पाणी भरलं, मीठ टाकलं, नळी सोडली आणि बटण दाबलं. तेवढ्यात दारात कुणी हाक मारली म्हणून तो बाहेर गेला. गुरुबसप्पाने चप्पल काढली, पण खुर्चीतून पाय उचलायची ताकद नव्हती. तो टबाकडे बघत नुसता बसून राहिला.

पाणी पिवळसर झालं.

त्याला वाटलं, डोळे फिरले. त्याने वाकून बघितलं. पाणी हळूहळू विटकरी होत होतं, वर फेस येत होता, काळे कण तरंगत होते. पाय फरशीवर होते, कोरडे.

"अवो, तुमचं पाय तर भाईर हायत की," शिवबाई म्हणाली.

गुरुबसप्पाने बोट पाण्यात बुडवलं आणि नाकाशी नेलं. हा वास त्याला झोपेतही ओळखता आला असता. लोखंड. गंज. मिठाच्या पाण्यात नळीतली तारच विजेने गंजत होती. डाईंगमध्ये लोखंडाची बादली तो कुणाला आत आणू द्यायचा नाही. गंजाच्या पाण्याने रंग मळतो म्हणून गेल्याच वर्षी त्याने एका कामगाराला सगळ्यांसमोर झापलं होतं. साऱ्या कारखान्याचं पाणी पारखणारा माणूस एकोणीस वेळा गंजात पाय घालून बसला आणि त्याला आपलंच विष समजला. भीतीपुढे अक्कल गहाण पडते ती अशी.

सुटल्याचा आनंद त्याला व्हायला हवा होता. अंगात रंग नव्हता, अमरेशची वाट नव्हती. पण लगेच दुसरी भीती उभी राहिली, पहिलीपेक्षा थंड. सांध्यात रंग नव्हता, तर मग इतके महिने सांधे कोण खात होतं?

त्याने शिवबाईला गोळीबद्दलचं खरं तिथेच सांगितलं. तिने त्याच्या पायात चप्पल घातली आणि रिक्षा तशीच दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला मूठ मिटायला सांगितली. मिटली नाही. त्यांनी बोटांचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, अशक्तपणावर चार दिवस सलाईन लावलं. रागावल्या नाहीत, त्याने तो जास्तच घाबरला. "गोळी पुन्हा सुरू करू," त्या म्हणाल्या. "पुढचं थांबवता येईल. पण जी बोटं वाकली, ती आता सरळ होणार नाहीत."

"चिमटी?" गुरुबसप्पाने विचारलं.

त्यांना चिमटीचं काय ते कळलं नाही. शिवबाईला कळलं. तिने तोंडाला पदर लावला.

रविवारी तो घरी खाटेवर बसला होता. शिवबाईने पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्याने पाकीट हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं. गोळी निघेना. दुसऱ्या हाताने दाबून पाहिलं, दातात धरून पाहिलं. ज्या बोटांनी सव्वीस वर्षं सुताचा रंग ओळखला, त्यांना एवढीशी गोळी बाहेर ढकलता येत नव्हती.

"द्या हिकडं," शिवबाई म्हणाली. तिने गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

त्याने ती पिवळी गोळी बराच वेळ बघितली. मग तोंडात टाकली आणि वरून घटाघटा पाणी प्यायला.