पाय मांडीवर घेणारे साहेब

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होती. मी हवालदार. पोस्टवर रोज सकाळी फूट इन्स्पेक्शन व्हायचं. बूट काढा, मोजे काढा, पाय दाखवा. बेस कॅम्पचे डॉक्टर कॅप्टन मेनन वर आले की स्वतः खाली बसायचे, जवानाचा पाय मांडीवर घेऊन बोटं चोळायचे, घरची चौकशी करायचे. कित्येक दिवस न धुतलेले पाय ते. साहेबांनी कधी नाक मुरडलं नाही.

एकदा वादळात शिपाई शिंदे लंगडू लागला. खाली पाठवतील या धास्तीने बूट काढेना. मी रेडिओ उचलला.

"शिंदे पाय दाखवत नाही, साहेब. ओव्हर."

"त्याला सांग, मी येतोय. आउट."

वादळ ओसरताच साहेब चढून आले. त्यांच्यापुढे शिंदेने निमूट बूट काढला. बोटं पांढरी, बधिर झाली होती. ती वाचली. साहेब उतरत असताना बर्फाचा कडा सुटला आणि ते त्याखाली गेले.

आता मी विरारला मनवेलपाड्यात राहतो. थोरला भाऊ नारायणदादा अर्नाळ्याला मासेमारी करायचा. त्याला शुगर होती. तळपायाला जखम झाली म्हणून मी त्याला इथल्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडे नेलं. दादा चप्पल काढू लागला, तर डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "राहू द्या. मासळीचा वास मारतोय. गोळ्या लिहिल्यात. नेक्स्ट!"

माझं डोकंच फिरलं. दादाने मला हाताला धरून बाहेर आणलं. गोळ्या आणल्या, पण त्याने एकही खाल्ली नाही. मी चिडलो.

"त्यानं पाय बघितलाच नाय," दादा म्हणाला. "मंग गोली कुनाच्या पायाची दिली?"

दुसऱ्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर "सगले तसलेच" म्हणून पाठ फिरवली. पाय सुजला, ताप चढला, तेव्हा त्याला उचलूनच हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी जुना कागद पाहिला.

"गोळ्या बरोबर होत्या हो. घेतल्या का नाहीत?"

विष रक्तात पसरलं होतं. दादा गेला.

गोळ्या बरोबर होत्या! हेच मला सहन होत नाही. एवढा शिकलेला माणूस अचूक औषध लिहितो, आणि ते रोग्याच्या पोटात जावं म्हणून जरा वाकून पाय बघत नाही. वर अडाणी म्हणून आम्हालाच बोल लावणार.

दादाला शेवटची आंघोळ घालताना तो पाय मी मांडीवर घेतला, मेननसाहेब घ्यायचे तसा. एकेक बोट चोळलं आणि दोघांसाठी एकदमच रडलो.