घरी वाचायचा धडा

सरांनी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते नववीच्या वर्गात. शास्त्राच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आला, की सर दरवर्षी घसा खाकरून म्हणत, "हा घरी वाचा," आणि पुढची पानं उलटत. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत. त्या वर्षी मात्र मागच्या बाकावरून न्हाव्याचा मुलगा उठला.

"सर, अडलं तर घरी कुणाला विचारायचं?"

वर्ग खदखदला. सरांनी त्याला खाली बसवलं. तेव्हापासून त्याचं नाव पडलं शंकासुर.

पुढे शंकासुराने वडिलांचं दुकान धरलं. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, झिजून गुळगुळीत झालेला तुरटीचा खडा. सर दर रविवारी तिथे दाढीला जात. हात इतका हलका, की वस्तरा फिरताना डोळा लागावा. ते रविवार सरांना अजून आठवतात.

एका रविवारी मात्र वस्तरा अडखळला. दुकानामागच्या दोन खोल्यांच्या घरातून त्याच्या आईचा आवाज येत होता, "सात वर्षं झाली, पाळणा हलायचं नाव नाही! या महिन्यात हिला माहेरी पोचवून ये. मी दुसरी बघते." सुनेकडून नुसता भांडी घासल्याचा आवाज.

"डॉक्टर काय म्हणतात?" सरांनी फेसातून विचारलं.

"तिला तीन ठिकाणी दाखवलं, सर. काही दोष नाही म्हणतात."

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय? मिशी बघा की माझी!"

सरांना हसू आलं नाही. चूक आपलीच, हे त्यांना लख्ख कळलं. गालावर साबण तसाच ठेवून त्यांनी वर्तमानपत्र ओढलं, कडेच्या कोऱ्या जागेत चित्र काढलं आणि राहून गेलेला धडा शिकवला. मूल न होण्याचं कारण दोघांपैकी कुणातही असू शकतं. मिशीशी आणि ताकदीशी त्याचा संबंध नाही. पुरुषाची तपासणी तर अगदी साधी असते. बाकावरची दोन गिऱ्हाइकं छताकडे बघत कान टवकारून बसली होती.

"सर, हे तेव्हाच सांगितलं असतंत तर..."

"चुकलो रे," सर म्हणाले.

तपासणीत दोष त्याच्यातच निघाला. रिपोर्ट घेऊन तो आईसमोर बसला. "आई, खोट माझ्यात आहे. आता पाठव मला आजोळी!"

"अरे, हळू बोल! गिऱ्हाइकं ऐकतील."

"ऐकू देत."

माहेरी पाठवण्याची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. गिऱ्हाइकांनी खरंच ऐकलं. नव्याने लग्न झालेला कुणी खुर्चीत बसला, की शंकासुर न लाजता त्याला सगळं समजावून सांगू लागला. "गळ्याला कापड बांधलेला माणूस उठून पळत नाही, सर. तुमच्या वर्गापेक्षा हे बरं." सरांनीही त्या वर्षीपासून तो धडा वर्गात शिकवला. पहिल्या दिवशी कान लाल झाले, पण शिकवला.

शंकासुर आता पन्नाशीला आलाय. उपचार झाले, मूल झालं नाही. दुकानामागच्या त्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको राहतात. सोमवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी स्वयंपाक तो करतो.