जोड लावणारे तात्या

माझं अक्षर वाकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे कुठली वेलांटी पहिली आणि कुठली दुसरी हे मला अजून अंदाजानंच ठरवावं लागतं. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. पण लेकीच्या हाती लागलीच, तर तिनं माझ्या चुका काढत न बसता दगडूतात्यांकडे लक्ष द्यावं. तिनं त्यांना पाहिलेलं नाही.

तात्या नव्या माणसाला रामराम करायचे आणि लगेच त्याचा डावा हात धरायचे. हात उलटा करून अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघायचे, बाजारात मेंढरू घेताना पाठीवर बोटं रुतवून बघतात तसं. मग निकाल द्यायचे, "कोकरू." किंवा "मेंढरू." फार क्वचित, "एडका." एवढं झाल्याशिवाय त्यांच्या दुकानात कोणालाही गेम खेळता येत नसे. बँकेतले एक साहेब कोकरू ठरले तेव्हा फार चिडले होते. मग ते रोज संध्याकाळी यायला लागले, आणि ज्या दिवशी तात्यांनी त्यांना मेंढरांत घेतलं त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले.

दुकान इंदापूरला, एसटी स्टँडच्या मागच्या गाळ्यात होतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. कपाटाएवढी चार मशीनं, प्रत्येकाला वर पडदा आणि खाली दांडा व बटणं. एक रुपया देऊन टोकन घ्यायचं आणि ते मशीनमध्ये टाकायचं. दोघं शेजारी उभे राहायचे, आणि पडद्यावर त्यांची दोन माणसं मारामारी करायची. हरेल त्यानं पुढच्या डावाला नवं टोकन टाकायचं. जिंकेल तो फुकट खेळत राहायचा. त्यामुळे दुसऱ्या दुकानांत तयार खेळाडू भिंतीला टेकून उभे असत. बाजाराला आलेला एखादा नवखा खिशात रुपये खुळखुळवत आला, की त्याच्या पैशावर दिवसभर खेळत.

तात्यांकडे ते चालत नसे. कोकरानं, म्हणजे नवख्यानं, कोकराशी खेळायचं; सरावलेल्या मेंढरानं मेंढराशी. "पैसं मोजून मार खायला कोण येईल बाबा?" ते म्हणायचे. "खायचाच तर बरोबरीच्याचा खावा. घरी जाऊन सांगता तरी येतो."

तात्या मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. पुढं मेंढरं गेली, शेती आली, आणि तात्यांना गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांच्या जोडी लावायला बोलावू लागले. दोन पैलवानांच्या अंगावर नुसती नजर टाकून ते जोड ठरवत. ही मशीनं त्यांच्या पुतण्यानं आणली होती, पण दोन महिन्यांत त्याला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि मशीनं तात्यांच्या गळ्यात पडली. पडद्यावर कोण कोणाला कशासाठी मारतंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. एका मशीनचा डावीकडचा दांडा जरा ढिला होता, म्हणून तिथं प्रत्येक डावानंतर ते दोघांना जागा बदलायला लावत. "माती दोघांस्नी सारखी पायजे," म्हणत.

मी त्यांच्या शेजारी राहायचे. टोकनं द्यायला त्यांना भरवशाचं माणूस हवं होतं. मी म्हटलं, तात्या, मला पुरुषमाणसांशी बोलता येत नाही, मान वर होत नाही.  दुसऱ्या दिवशी बघते तर कोपऱ्यात प्लायवूडचा आडोसा उभा, आणि त्याला हात जाईल एवढीच खिडकी. "आता नुसतं हातच येतील, सुमन," म्हणाले. "हाताला काय लाजायचं?" चार वर्षं मी तिथं बसले. इंदापुरातली निम्मी माणसं मी नुसती हातांवरून ओळखत होते.

गाळ्याचे मालक आण्णा. शेजारीच त्यांचं खताचं दुकान. आवाज, गर्दी, पोरांचं हसणं, सगळ्याचा त्यांना राग. एकदा दोघा जणांची झटापट झाली तेव्हा ते दारात येऊन सांगून गेले होते, पुन्हा भांडण झालं तर गाळा खाली करायचा. तात्यांना दुसरी जागा परवडणारी नव्हती, आणि माझं घर त्या पगारावर चालत होतं. म्हणून मीही त्या आडोशामागं बसून देवाला एवढंच मागायचे, की जोडी बरोबर लागू देत.

अशात बारामतीहून विलास यायला लागला. तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. बाजाराच्या दिवशी आणि मध्ये कधी सुट्टी मिळाली की एसटीनं यायचा. गोड बोलायचा. तात्यांच्या पाया पडला. तात्यांनी डावा हात दाबून पाहिला, लोण्यासारखा मऊ, दांड्यानं पडणारा घट्टा कुठंच नाही. "कोकरू." पहिला डाव तो हरला, दुसराही जेमतेम खेळला. मग हळूहळू जिंकायला लागला. थोडक्यात जिंकायचा, जिंकल्यावर स्वतःच नवल करायचा, आणि समोरच्याला वाटायचं, पुढच्या डावाला मी याला नक्की पाडतो. कोकरं एकामागून एक टोकनं घेत राहिली. खिडकीतून येणारे हात रागानं रुपया आपटायला लागले.

तात्या दोन बाजार नुसते बघत राहिले. तिसऱ्या बाजाराला विलास खेळत असताना ते मागून गेले आणि खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी त्याच्या हातांवर टाकली. दांडा, बटणं, सगळं झाकून गेलं. विलासला ते कळलंसुद्धा नाही. पडद्यावरचे डोळे न हलवता त्यानं घोंगडीखालून डाव खेळला आणि नेहमीपेक्षा निम्म्या वेळात जिंकला.

बाकीची मशीनं सोडून सगळे भोवती गोळा झाले.

"कोकरू हाताकडं बघून खेळतं," तात्या म्हणाले. "तू आल्यापास्नं एकदा बी खाली बघितलं न्हायस." मग त्यांनी त्याचा उजवा हात उलटा केला. अंगठ्याच्या बुडाशी चांगला जाड घट्टा. सगळे डाव्या हातानं दांडा धरतात, हा पठ्ठ्या एरवी हात एकमेकांवरून नेऊन उजव्यानं धरायचा, इथं मात्र मुद्दाम डाव्यानं. "मी डावाच बघत बसलो," तात्या कपाळावर हात मारून म्हणाले. "जत्रंत असं केलं असतं तर लोकांनी मला आखाड्यात घेतला असता."

एवढ्यात कोणीतरी स्टूल फेकलं. ते विलासला लागलं नाही, दारातून बाहेर गेलं आणि आण्णांच्या खताच्या पोत्यावर पडलं. पोतं फुटलं. आण्णा आले ते तोंडाचा पट्टा सुरू करूनच आले. आजच्या आज गाळा रिकामा करा, म्हणाले. तात्यांनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, जोड मी लावली, चूक माझी. या पोरानं ज्याला ज्याला फसवून मारलंय त्याचा रुपया न् रुपया परत जाईल. निम्मे मी घालतो, निम्मे हा घालेल. मग तर भांडण मिटलं?

आण्णांनी जरा विचार केला. बाजारातली माणसं कुठली कुठली, कुठं शोधणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत असणार. आडोशाच्या फटीतून मला मशीनं दिसायची, दार नाही; आण्णांचा फक्त आवाज येत होता. "सगळ्यांचं द्यायचं," ते म्हणाले. "पुढच्या बाजारापतुर. एकाचं जरी राह्यलं तरी गाळा खाली."

"एकाचं जरी राह्यलं तरी," तात्या म्हणाले.

सगळे गेल्यावर विलास रडायच्या बेतात होता. बारामतीत त्याच्याशी कोणी खेळत नाही, असं त्यानं सांगितलं. तो दारात दिसला की माणसं टोकनं खिशात घालून निघून जातात. कित्येक महिन्यांत त्याला एक डाव मिळाला नव्हता. "मंग आधी बोलायचं," तात्या म्हणाले. "जोड न्हाय म्हनून कोकरं खायची व्हय? तुला जोड मी हुडकतो." आणि खरंच, त्याच आठवड्यात त्यांनी इंदापूर डेपोतला एक कंडक्टर शोधून काढला. दिवसभर तिकिटाला भोकं पाडून त्याची बोटं इतकी चपळ झाली होती की त्यांच्याखालची बटणं दिसायची नाहीत. त्या दोघांचा पहिला डाव लागला तेव्हा अकलूजची गाडी स्टँडवर खोळंबली, आणि बोलवायला आलेला ड्रायव्हरसुद्धा बघत उभा राहिला.

पैसे वाटायचं काम मात्र सोपं नव्हतं. तात्या पैसे परत देतायत हे कळल्यावर दारात रांग लागली. ज्यांनी उभ्या जन्मात दांड्याला हात लावला नव्हता तेही फसवले गेले होते. तात्यांनी विलासला स्टुलावर बसवलं आणि एकेकाला पुढं घेतलं. विलास नाव सांगायचा नाही, खेळ सांगायचा. "हे सारखं उड्याच मारतात." "हे एकच बटण दाबतात, बाकीची हायेत हे त्यांना म्हाईतच न्हाय." ज्याचा खेळ आठवला त्याला पैसे. एक जण फार भांडत होता. विलास त्याला म्हणाला, "तुमी खेळला असता तर मला आठवलं असतं. हरलेला माणूस मी इसरत न्हाय." तो माणूस उठून गेला.

कऱ्हाटीचा एक जण बहिणीला न्यायला इंदापूरला आला होता आणि गाडी चुकली म्हणून खेळला होता, हे त्यानंच विलासला सांगितलेलं. त्याचे दोन रुपये द्यायला तात्या विलासला घेऊन कऱ्हाटीला गेले. तिकिटालाच त्याच्या कितीतरी पट लागले. तो घरी नव्हता. बायकोला सगळी हकीगत सांगून पैसे दिले, आणि परत येताना तात्यांच्या लक्षात आलं की नवरा इंदापूरला गेम खेळत बसला होता हे तिला आपणच सांगितलं. "त्याला आता घरात बी मार," ते म्हणाले. "पर त्यो बरोबरीच्याचा."

बाजाराचा दिवस आला. आण्णा हातात कुलूप घेऊनच आले आणि दारात उभे राहिले. गाळ्यात गर्दी होती. तात्यांनी सगळ्यांसमोर विलासला विचारलं, कोणी राहिलंय का?

विलास घुटमळला. "एक राह्यलेत," तो म्हणाला. "नाव म्हाईत न्हाय. एकदा दुपारी आल्ते, तुमी जेवायला गेलावता, खेळाय मी एकलाच व्हतो. डोक्याला मफलर व्हता. मार बसाय लागला की डोळं मिटून घ्यायचे, आन मशीनलाच म्हनायचे, थांब की जरा, थांब की." बोलता बोलता त्याची नजर दाराकडे गेली असावी, कारण तो एकदम थांबला.

त्या दुपारचा हात मला आठवला. खिडकीतून आला तेव्हा त्याला खताचा वास येत होता. मी तोंडात पदर कोंबला.

कोणी हसलं नाही. तात्यांनी हसू दिलं नाही. ते आण्णांकडे न बघता म्हणाले, "आण्णा, बाजारात तुमची वळख लई. असा मानूस कुठं भेटला तर त्याचं पैसं पोचतं करा. नाव इचारायचं कारन न्हाय. आन तुमच्या म्हनन्यापरमानं, त्याचं राह्यलं तर आमी गाळा सोडतो." आणि माझ्या खिडकीच्या फळीवर त्यांनी तीन रुपये ठेवले.

 मग कुलूप खिशात गेल्याचा आवाज आला, आणि तोच हात फळीवर आला. नाणी मोजली.

"हे तीनच हायेत," आण्णा म्हणाले. "त्यो चार डाव खेळलावता."

"पहिला डाव त्यांनी जिंकला व्हता," विलास खालच्या आवाजात म्हणाला. "मंग टोकनं तीनच लागली."

"जिंकला, का तू जिंकू दिलास?" तात्यांनी विचारलं.

विलासनं मान खाली घातली. फळीवरचा हात नाण्यांवर तसाच थांबला. मला वाटतं, त्या दुपारपासून आण्णा त्या एका डावावर मनातल्या मनात खूश असावेत.

"खोटं पडलास, त्याचा बी रुपाया दे," तात्या म्हणाले. "त्यो सगळ्यात म्हागाचा."

विलासनं खिशातून रुपया काढून फळीवर ठेवला. आण्णांनी तो लगेच घेतला नाही. मग एका बोटानं ओढून बाकीच्या तिनांत मिसळला, मूठ मिटली आणि म्हणाले, "पोचतं करतो."

अशा रीतीनं सगळ्यांचे पैसे फिटले.