गिअरखालचं मीठ

आईच्या गाडीत बसायला मला भीती वाटते, हे मी तिला कधी सरळ सांगितलं नव्हतं. चर्चला निघायचं असलं की मला वाटेत काहीतरी काम निघायचं आणि मी रिक्षाने जायचे. बाजाराला जायचं असलं की मला चालायची हौस यायची. चालायला मला अजिबात आवडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मेले सगळे भित्रे," ती म्हणायची. "एकटे तुझे बाबा काय ते न भिता बसले."

आई एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. तिचं माहेर मिठागराकाठचं. तिच्या तोंडात 'ण' कधी रुजला नाही आणि कुणाचं ऐकून घेणंही रुजलं नाही. नर्सची नोकरी करत असताना ती जिन्यावरून पडली आणि डावा गुडघा कायमचा अधू झाला. क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून तिने ऑटोमॅटिक गाडी घेतली, तीही दुसऱ्याने वापरलेली. शिकवणारा दोन आठवड्यांत कंटाळला. उरलेलं ती आमच्या वाडीतल्या अरुंद रस्त्यांवर स्वतःच शिकली, आणि त्याच्या खुणा दोन-तीन कुंपणांवर अजून आहेत. बोलताना समोरच्याकडे बघून बोलावं, हा तिच्यावरचा संस्कार. गाडी चालवतानाही ती तो पाळते.

बाबा शाळेत गणित शिकवायचे. सायकलपलीकडे त्यांनी जन्मात काही चालवलं नाही. ते आईच्या शेजारी डाव्या सीटवर ताठ बसायचे. आईने किल्ली फिरवली की त्यांचा उजवा हात गिअरच्या दांड्यावर जायचा, तिच्या हाताला लागून, क्षणभरच. मग हात पुन्हा मांडीवर. आई ते सगळ्यांना सांगायची. "मला बळ देतात ते. त्याच्या जोरावर तर मी चालवते." दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि आई दुसऱ्याच आठवड्यात गाडी घेऊन बाहेर पडली. आता ती दर रविवारी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना चर्चमधल्या मिस्सेच्या प्रार्थनेला नेते आणि परत घरी सोडते. त्यांतल्या एकीला नीट दिसत नाही, दोघींना रिक्षात चढता येत नाही. आईची गाडी नसेल तर त्यांचा रविवार घरातच जातो.

दोन महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी मिस्सा संपल्यावर गाडी चर्चच्या आवारात अडून बसली. या गाड्या उभ्या करताना दांडा 'पी'वर ठेवतात. निघताना ब्रेक दाबला की आत टक् असा आवाज होतो, कुलूप सुटतं आणि मग दांडा मागे ओढता येतो. त्या दिवशी टक् झालंच नाही. तिघी म्हाताऱ्या मागे रोझरीच्या माळा हातात घेऊन बसलेल्या, आणि आई दांड्याशी झोंबतेय. शेवटी कुणीतरी दाखवलं की दांड्याजवळ एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी खुपसलं की कुलूप हाताने सुटतं. ही सोय अडीअडचणीसाठी आहे, असंही त्याने बजावलं. आईने फक्त पहिला अर्धा भाग ऐकला. दुसऱ्या दिवसापासून गाडीत क्रोशाची सुई आली. ब्रेक, सुई, दांडा, आणि निघाली. महिनाभर तिने अशीच गाडी हाकली.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला लावली. तिथे सांगितलं की गिअरचा अख्खा भाग बदलावा लागेल आणि इतक्या जुन्या गाडीचा तो भाग आता येत नाही. मला, खरं सांगते, मनातून आनंद झाला. मी लगोलग एका भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं. आईला हे कळल्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, गोखिवऱ्याला एक मेकॅनिक आहे, ऑटोमॅटिकच्या गाड्या तोच उघडतो. तो नाही म्हणाला तर बोलाव तुझ्या भंगारवाल्याला, मी किल्ली देईन.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आई सुईच्या जोरावर पुढे, मी मागून रिक्षाने.

मेकॅनिकचा गाळा प्लॅस्टिकच्या कारखान्याला लागून होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस, गाळ्यात एकटाच. मी त्याला सर्व्हिस सेंटरचं सगळं सांगायला लागले तर त्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. आईला गाडीत बसवलं आणि ब्रेक दाबायला सांगितलं. मागे जाऊन लाल दिवे लागतात का ते पाहिलं. लागत होते. मग तो पुढे आला, डाव्या दारातून आत वाकला, दांड्याशेजारच्या झाकणावर दोन बोटं टेकवली आणि डोळे मिटले.

"आंटी, दाबा. सोडा. परत दाबा."

असं सात-आठ वेळा झालं. मग त्याने मला जवळ बोलावलं आणि माझं बोट तिथे टेकवायला लावलं. आईने ब्रेक दाबला. बोटाखाली अगदी हलकी थरथर झाली आणि थांबली. मी पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा तेच.

"करंट येतोय," तो म्हणाला. "आतला उठायला बघतोय, पण त्याला उठवत नाही. पार्ट मेलेला नाही ताई."

ज्या गाडीला मी मनातल्या मनात भंगारात घालून मोकळी झाले होते, तिच्यात महिनाभर कुणीतरी दर ब्रेकला उठायची धडपड करत होतं आणि आम्हा कुणालाच ते कळलं नव्हतं. त्या माणसाला दोन बोटांनी कळलं.

दांड्याभोवतीचं झाकण काढायला त्याला डाव्या बाजूने आत शिरायचं होतं. त्याने दाराच्या कप्प्यातलं सगळं बाहेर काढून स्टुलावर ठेवलं: चर्चचं जुनं पत्रक, गॉगल पुसायचं फडकं, चॉकलेटचे कागद, बाबांची डोळ्यांच्या औषधाची चिमुकली बाटली. मग स्क्रू एकेक करून कागदावर काढले, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले आणि झाकण उचललं. आत एवढंसं कॉइल होतं आणि त्यात काडेपेटीतल्या काडीएवढी लोखंडी पिन. अख्खी गाडी अडवून धरणारी वस्तू ती एवढीच. तिच्याभोवती गंज होता, तारांवर हिरवट थर होता आणि आजूबाजूला सगळीकडे पांढरी भुकटी साठली होती.

मेकॅनिकने भुकटीत बोट टेकवलं आणि मी 'अहो' म्हणेपर्यंत जिभेला लावलं.

"खारट आहे. कळंबला बीचवर गाडी घालता काय आंटी?" लोक तिकडे हौसेने वाळूत गाड्या घालतात आणि मग माझ्याकडे येतात, असं तो म्हणाला.

आईला हा घोर अपमान वाटला. मिठाने लोखंडाचं काय होतं हे तिला मिठागरावरच्या माणसानेही शिकवायची गरज नव्हती, मग गोखिवऱ्याच्या कुणी शिकवणं तर लांबच. तिने स्वतः वाकून चिमूट उचलली आणि चाखली. "मीठ खरं," ती सावकाश म्हणाली. "पन आगरातलं नाय. आगरातलं कडवट लागतं. हे चुलीजवळचं."

चुलीजवळचं मीठ गाडीत कसं आलं, याचा विचार करत मी स्टुलावरची ती बाटली उगाच हातात घेतली. बाबांना काचबिंदू होता, अशा बाटल्या आमच्या घरात जागोजागी असायच्या. पण हिच्या झाकणावर निळ्या पेनाने बारीकसा क्रूस काढलेला होता. मी झाकण उघडलं आणि एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावला. खारट पाणी.

आमच्या चर्चमध्ये ईस्टरला पाण्याला आशीर्वाद देतात तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे त्यात मीठ घालतात. संकट टळावं म्हणून ते पाणी प्रत्येक घरी बाटलीत भरून ठेवलेलं असतं. बाबांनी त्यातलं या रिकाम्या बाटलीत भरलं होतं, आणि चुकून डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यावर खूण केली होती. गणिताच्या मास्तरांचं काम, चोख. किल्ली फिरली की दांड्यावर जाणारा तो हात बळ देत नव्हता. तो थेंब सोडत होता. दर खेपेला एक, बारा वर्षं.

बाबा घाबरत होते. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त घाबरत होते.

मी बाटली लपवायला हवी होती, पण आईने माझ्याकडे पाहिलं होतं. तिने हात पुढे केला. मी बाटली दिली. तिने झाकणावरचा क्रूस पाहिला, मग उघडलेल्या गिअरकडे पाहिलं, आणि गाळ्याबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मला वाटलं, आता ही पुन्हा गाडीला हात लावणार नाही. जिच्यासाठी मी भंगारवाला गाठला होता तीच गोष्ट आपसूक होत होती, आणि मला ती मुळीच नको होती.

मेकॅनिकला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पिन बोटांत धरून बारीक पॉलिश पेपरवर फिरवत होता, इतकी हळू की मधूनच थांबल्यासारखी वाटावी. तारा मऊ ब्रशने साफ करता करता तो आपल्याच नादात बोलत होता. "ओलं होत होतं तोवर पिन हलत राहिली. मधे पाणी बंद झालं असणार. मग सुकत सुकत हळूहळू धरलं. पाणी थांबून दोनेक वर्षं झाली असतील बघा."

ही दोन वर्षं त्याला त्या गंजावरून दिसली होती. बाबांबद्दल आम्ही त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

सगळं पुन्हा बसवून झाल्यावर त्याने आईला हाक मारली. ती उठेल की नाही याची मला खात्री नव्हती. ती उठली, लंगडत आली, बसली आणि ब्रेक दाबला. टक्. इतका साधा आवाज, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेकॅनिकने क्रोशाची सुई आईच्या हातात दिली आणि म्हणाला, ही आता विणायला वापरा, आणि इथे पुन्हा काही सांडू नका, चहा नाही, पाणी नाही. मग म्हणाला, हायवेपर्यंत एक चक्कर मारून या.

मी वळसा घालून डावं दार उघडलं आणि बाबांच्या जागेवर बसले. बाटली आईने पुन्हा दाराच्या कप्प्यात ठेवायला माझ्याकडे दिली. गाडी निघाली, पहिल्याच वळणावर समोरून डंपर आला आणि माझे दोन्ही पाय आपोआप खाली दाबले गेले.

"भीती वाटते?" आईने माझ्याकडे बघून विचारलं. रस्त्याकडे नाही, माझ्याकडे.

"हो," मी म्हटलं. "खूप."

"वाटू दे," ती म्हणाली. "त्यांना पन वाटायची. तू बसून रहा."