थांबलेल्या गाडीतली धडधड

योगराज शुक्रवारी केळीचा ट्रक घेऊन पुन्हा एकटाच दिल्लीला निघणार आहे, आणि तो विचार माझ्या डोक्यातून जात नाही. माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा. सात वर्षं रावेरची केळी वाहतोय, गाडीला कधी ओरखडा नाही. माझी काळजी आजवर इतर आयांइतकीच होती.

धाकटी भूमिका जळगावला इंजिनिअरिंगला आहे. ड्रायव्हरवरचा ताण मोजण्याचा प्रकल्प तिनं घेतला आणि तपासायला पहिला भाऊच सापडला. आज रविवारी रिकामी गाडी दुरुस्तीला धुळ्याला न्यायची होती. तिनं त्याच्या छातीला पट्टा बांधला, डाव्या हाताच्या दोन बोटांना घाम मोजणाऱ्या तारा लावल्या. मीही केबिनमध्ये बसले.

"काय निघालं गं छातीत? केळीचा घड?"

"दादा, बोलू नको, रेघ हलते."

"हॉर्न तरी वाजवू का?"

लॅपटॉपवर त्याचा ठोका रेघ होऊन चालला होता. पोटात असताना डॉक्टरांनी ऐकवला होता, त्यानंतर आजच.

एक ट्रेलर समोरून अंगावर आला. मी डोळे मिटले. उघडले तर ठोक्यांचा आकडा अठ्ठ्याहत्तर, घामाची रेघही सपाट!

पारोळ्यापुढे गाडी थांबवून चहा केबिनमध्येच मागवला. योगराज मागे टेकला, आणि आकडा चढू लागला. शंभर. एकशे बारा. भूमिकाला वाटलं तार सुटली. पुन्हा लावली. एकशे चौदा.

"दादा, काय होतंय?"

"कुठं काय? चहा पितोय ना."

मला कळलं. भरलेली गाडी थांबली की वारा बंद होतो, केळी आतून तापतात, वाटेतच पिकू लागतात. म्हणून तो थांबायचं टाळतो. आज गाडीत एक केळं नव्हतं, तरी शरीर थांबायला घाबरत होतं. एवढं सगळं हसतमुख पोराच्या आत चाललेलं, आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं! मूर्तीपुढे जोडावेत तसे मी त्या रेघेपुढे हात जोडले. मग धास्तावले. टेकल्यावर ज्याचा ठोका असा चढतो, तो दिल्लीच्या वाटेवर झोपत कसा असेल?

"सोबत दुसरा ड्रायव्हर माग," परतताना मी म्हणाले.

"निर्मलभाऊंना काय सांगू? आईला माझी छाती दिसली? लोक म्हणतील, योगराज थकला."

निर्मलकुमार त्याचे मालक. माणूस समजूतदार आहे, पण त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. योगराज रागावेल, चार दिवस बोलणार नाही. चालेल. सकाळी त्यांचं ऑफिस उघडलं की मीच फोन करणार आहे.