पंखा लागला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडले तरी या गोष्टीपाशी आलं की मन पटकन दुसरीकडे नेते. कंपनीत लाइनवर शेजारी काम करणाऱ्या बायका एकमेकींना सगळं सांगतात — नवऱ्याचं, सासूचं, दुखण्याखुपण्याचं. मीही सांगते. हे सोडून. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता आत मावत नाही, म्हणून.

आम्ही मूळचे धाराशिवकडचे. पोरांचे वडील गेले तेव्हा महेश आयटीआयला होता, स्वाती शाळेत. परत गावी जाऊन काय करणार होतो? चिंचवडजवळच्या चिखलीतलीच खोली ठेवली आणि मी चाकणच्या एका कंपनीत लागले. गाड्यांच्या वायरिंगचं काम. रंगीत वायरींचे जुडगे बांधायचे, टोकाला प्लास्टिकचे कनेक्टर बसवायचे. कनेक्टर नीट बसला की टक् असा बारीक आवाज होतो. काढायचा असेल तर त्याची जीभ दाबून ओढायचा — आवाज न होता निघतो. माझ्या बोटांना हे झोपेतही येईल.

महेश पुढे एका कंपनीत मेंटेनन्सला लागला. मशीन बंद पडली की त्यालाच हाक मारायचे. नुसता कान देऊन सांगायचा, बेअरिंग गेलंय, नाहीतर बेल्ट सैल झालाय. मग त्यानं एक जुनी गाडी घेतली. रविवारी सकाळी तो खाली बोनेट उघडून बसायचा आणि मी चहा घेऊन गेले की मलाही दाखवायचा. "आई, गाडी पळत असली ना, की समोरचा वारा रेडिएटरला लागतो, इंजिन गार राहतं. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की वारा बंद. मग हा पंखा आपोआप लागतो. तो नाही लागला तर इंजिन तापून मरतं." पंख्याच्या वायरीकडे बोट करून हसायचा. "हा बघ. तुझ्याच हातचा कनेक्टर असेल."

हे त्यानं मला कौतुकानं शिकवलं होतं.

स्वाती नर्स झाली. चिंचवडच्या एका हॉस्पिटलात होती. तिथल्या दोघी-तिघी आखातात गेल्या आणि हिच्याही डोक्यात ते बसलं. मला कसं कळलं माहितीये? मी सेकंड शिफ्टहून घरी आले तर स्वयंपाकघरात दोघं बहीण-भाऊ बोलत होते. नाशिकला मुलाखती होत्या, एकच दिवस. स्वातीनं कागदपत्रं तयार करून ठेवली होती. महेशला सगळं ठाऊक होतं. मी आत गेले तसे दोघं गप्प झाले. मग स्वातीनं सांगितलं — विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हणाले, "बरं."

आईचं काळीज, एकटेपणाची भीती, परक्या मुलखात तरणी पोर — हे सगळं मी स्वतःला खूपदा ऐकवलंय. भीती होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त होता. या दोघांसाठी मी उभं राहून राहून पाय सुजवून घेतले, आणि मला शेवटी सांगतात? त्या रागाला मी रात्रंदिवस कुरवाळलं.

मी अजून मुद्द्यावर येत नाहीये. कळतंय मला.

स्वाती म्हणत होती, पहिल्या बसनं जाते. महेशनं ऐकलं नाही. "बसनं कशाला घामाघूम होऊन जातेस? मी सोडतो. रुबाबात उतर." त्यानं रजा टाकली, आदल्या दिवशी गाडी धुतली, पाणी, ऑइल, हवा, सगळं पाहिलं. सकाळी तो अंघोळीला गेला, स्वाती वेणी घालत होती. मी डबा गाडीत ठेवायच्या निमित्तानं किल्ली घेऊन खाली उतरले. बोनेट उघडलं. पंख्याचा कनेक्टर शोधावा लागला नाही. जीभ दाबली, ओढला, आणि वरवर पाहणाऱ्याला जागेवरच दिसेल असा टेकवून ठेवला. बोनेट लावलं. वर येऊन स्वातीच्या हातावर दही-साखर ठेवली.

हे मी केलं. पोरीनं जाऊ नये म्हणून पोराची गाडी बिघडवली, आणि मग तिच्या हातावर दही ठेवलं.

माझा हिशेब सरळ होता. मोशीपर्यंत गाडी पळेल. चाकणच्या अलीकडे सकाळचा जो ट्रॅफिक लागतो त्यात ती अडकेल, इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढेल, महेश गाडी बाजूला घेईल. थांबतील, उशीर होईल, चिडून घरी येतील. मी पोहे करीन. गाडीचं मला सगळं कळत होतं. पण घाईतल्या माणसाचं? बहिणीचं काम आपल्यामुळे अडलंय म्हणून कासावीस झालेल्या भावाचं?

पुढचं मला स्वातीनंच सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी. कुरुळीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत गाडी उभी राहिली. काटा लाल खुणेपाशी गेला, बोनेटमधून वाफ यायला लागली. महेशनं गाडी कडेला घेऊन बंद केली. म्हणाला, अर्धा तास तरी हात लावायचा नाही. स्वाती घड्याळाकडे बघत होती. बस पकडावी तर त्या कोंडीत बसही जागची हलत नव्हती. ती म्हणाली, "दादा, काहीतरी कर ना. माझा नंबर जाईल." दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिला रडू आलं.

मग आत गार पाणी ओतायला म्हणून त्यानं टॉवेलची घडी झाकणावर ठेवली आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उकळतं पाणी त्याच्या उजव्या हातावर, मानेवर, हनुवटीखाली आलं. स्वातीनं जवळच्या बाटल्या त्याच्यावर ओतल्या, एक टेम्पो थांबवला, त्याला हॉस्पिटलात नेलं. मला तिचा फोन आला तेव्हा मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते.

हॉस्पिटलात तो शुद्धीत होता. ओठ सुजले होते. मला बघितल्यावर आधी काय म्हणाला असेल? "आई, पंखा लागला नव्हता. काटा वर गेला तरी आवाज आला नाही. मी ऐकत होतो."

त्याला बरोबर कळलं होतं. एवढ्या वेदनेतही.

मित्रांनी गाडी ओढून आणून आमच्या बिल्डिंगखाली लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात चहा न्यायला निघाले, तेव्हा आधी मी बोनेट उघडलं आणि कनेक्टर परत बसवला. टक्. कंपनीत हा आवाज आला की काम बरोबर झालं असं धरतात.

महेश घरी आल्यावर त्यानं गॅरेजवाल्या तानाजीला बोलावलं. स्वतः हाताला पट्ट्या बांधून खाली खुर्चीवर बसला. तानाजीनं कूलंट भरलं, गाडी चालू करून ठेवली. इंजिन तापलं आणि पंखा लागला. बंद करून, गार करून, पुन्हा तापवलं. पुन्हा लागला. त्यानं झाकण बदललं, थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकून बघितला, वॉटर पंप बघितला, हेड गॅस्केट गेलंय का बघितलं. कुठंच काही नाही.

"महेशभाऊ, पंखा तर मस्त चालतोय."

"तेव्हा नव्हता लागला."

"रस्त्यावर ट्रक, हॉर्न, केवढा गोंगाट असतो राव. ऐकू आलं नसेल."

महेशनं माझ्याकडे पाहिलं. सांगून टाकायला याहून सोपी वेळ कुठली होती? वरच्या मजल्यावरून स्वाती बघत होती. मी म्हणाले, "घाईत होतास रे. नसेल आलं लक्षात."

कनेक्टर काढला तेव्हा मी रागात होते. हे वाक्य बोलताना रागात नव्हते. चांगली शांत होते. पोराला जे नीट ऐकू आलं होतं ते मी त्याच्या कानातून काढून घेतलं.

त्यानंतर तो दर रविवारी त्याच रस्त्यानं गाडी न्यायचा. मुद्दाम गर्दीच्या वेळी. ट्रकांमध्ये गाडी उभी करून काट्याकडे बघत बसायचा. काटा चढायचा, पंखा लागायचा, काटा उतरायचा. घरी येऊन म्हणायचा, "काहीच नाही गं गाडीत. म्हणजे माझंच चुकलं." शेवटी त्यानं ती विकून टाकली. पण कंपनीतही त्याचं तसंच झालं. मशीनपाशी उभा राहायचा आणि बोलायचा नाही. दुसऱ्याला विचारायचा, तुला काय वाटतं? पुढे त्यानं स्वतःच अर्ज करून स्टोअरमध्ये बदली घेतली. त्याचा उजवा कोपर पूर्ण सरळ होत नाही, म्हणून बदली घेतली असं लोक समजतात.

आणि स्वाती? तिला वाटतं, तिनं घाई केली म्हणून दादा भाजला. मुलाखती पुन्हा निघाल्या. तिच्या मैत्रिणींनी निरोप दिले. ती गेली नाही. दादाचा हात असा असताना मी कुठं जाऊ, म्हणाली. त्याच्या पट्ट्या तिनंच बदलल्या, कितीतरी महिने. मग लग्न झालं, रहाटणीला घर केलं. दर रविवारी येते. मला हवं होतं ते सगळं मिळालं — तुम्हीच बघा.

दोघं एकमेकांना जपतात. गाडीचा विषय निघाला की एक उठून पाणी प्यायला जातो, दुसरी टीव्हीचा आवाज वाढवते. त्याला वाटतं, आपल्यामुळे हिचं आयुष्य इथं अडकलं. तिला वाटतं, आपल्यामुळे याचा हात गेला. आणि मी दोघांना वाढते.

मी सांगायला गेले नाही असं नाही. एकदा महेशच्या पाठीला तेल लावताना "ऐक ना" म्हणाले. तो "हं" म्हणाला. मी म्हणाले, तेल संपत आलंय.

गेल्या महिन्यात स्वातीची एक जुनी मैत्रीण आखातातून आली होती, तिला भेटून स्वाती इकडे जेवायला आली. नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. तिथला उन्हाळा, खोलीत चौघीजणी, सणाला घर नाही. मग महेशकडे न बघता म्हणाली, "बरं झालं बाई मी गेले नाही."

महेशचा घास हातातच राहिला. त्यानं मला विचारलं, "खरंच बरं झालं का गं, आई?"

दोघंही माझ्याकडे बघत होते. त्याच्या हनुवटीखालची कातडी त्या उजेडात चकाकत होती.

"हो," मी म्हणाले. "बरंच झालं."

त्यानं मान हलवली आणि जेवायला लागला.