नर पाठवा

शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेत तो पतंग मला सापडला. तांदळाच्या दाण्याएवढा, राखेच्या रंगाचा, पंखांवर बारीक पिवळी रेघ. कुठल्याच पुस्तकात तो नव्हता. जात ठरवायची तर मारावाच लागतो. मारला आणि पुण्याच्या एका तज्ज्ञांकडे पाठवला.

उत्तर यायला पावसाळा सरला. ही मादी निघाली, जात नराच्या जननेंद्रियावरूनच ठरेल, नर पाठवा. जसा काही नर कणकवलीच्या बाजारात वाट्यावर मिळतो! तोवर बाग तोडून तिथे रिसॉर्टच्या गाड्या लागत होत्या. आजूबाजूला खूप शोधलं, एकही दिसला नाही.

आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "म्हणजे पोटात अंडी असतली रे तिच्या?"

होती. तेही त्यांनी कळवलं होतं.